इप्पोन मिळाला, पुढे काय?

आज ज्युदोच्या सरावानंतर एका नव्या मुलीने विचारलं, "ताई, स्पर्धेचं ठीक आहे, पण उद्या खरंच कुणी अंगावर आलं तर याचा काही उपयोग?" उत्तर देऊन झालं, तरी विषय डोक्यातून जाईना.

नियमांनी खेळ छाटला जातो, हे खरंच. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत डोक्यावर लाथ चालते, बुक्की नाही. कमरेखाली तर काहीच नाही. ज्युदोत २०१० पासून पाय धरून पाडण्यावर बंधनं आली. अंगावर आलेला माणूस यातलं काही पाळणार नाही. तो एकटाच असेल, याचीही खात्री नाही.

पण निव्वळ 'जीवघेणे' डाव शिकवणारे वर्ग मला कधीच पटले नाहीत. डोळ्यात बोट घालायचा सराव शेवटी हवेतच करणार ना! जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा रांदोरीवर म्हणजे मोकळ्या झटापटीवर भर दिला. धोकादायक डाव वगळले की उरलेले पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर वापरता येतात. कॉलर धरली की नवख्याचा श्वास अडकतो. रांदोरी अंगवळणी पडलेली मुलगी निदान गोठून जात नाही. आणि नीट पडता येणं तर जिन्यावरून घसरतानाही कामी येतं.

तिला म्हटलं, इथे इप्पोन म्हणजे पूर्ण गुण मिळाला की लढत संपते, बाहेर तिथून पळायचं असतं. चाकू दिसला तर आधीच.

"मग पळायचाही सराव घ्या की!"

घेतेय. उद्यापासून. मॅटवर कुरकुर ऐकून घेणार नाही.