पांढरी, पाट आणि पुरलेली माणसे

नाशिक जिल्ह्याचा जुना इतिहास सांगायला बसले की आपण बहुधा किल्ल्यांपासून सुरुवात करतो. साल्हेर, मुल्हेर, रामशेज ही नावे ओळीने येतात, मग मंदिरे येतात आणि माणसे राहत होती ती गावे शेवटी उरतात, तीही वेळ उरला तर. माझा या क्रमावर आक्षेप आहे. एखादी वस्ती किती जुनी आहे आणि ती कोणाची होती, हे कळायला दोन प्रश्न पुरतात असे मला वाटते: तिथल्या माणसांनी आपले मृत कुठे ठेवले आणि पाणी कसे वाटून घेतले.

जुन्या नाशकात गोदावरीच्या उजव्या काठावर मातीची गढी आहे. तिला जुनी गढी असेही म्हणतात. वरवर पाहता तो मातीचा उंच ढिगारा आहे, पण ती खरी गावाची पांढरी आहे, म्हणजे शतकानुशतके घरे उभी राहून, पडून, त्यांवर पुन्हा घरे उठून साचलेली माती. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले आणि त्याच हंगामात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खोदकाम झाले. गढीच्या तळाशी सूक्ष्म दगडी हत्यारे आणि ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरात होते त्या काळातली, खापरे मिळाली, वरच्या थरांत सातवाहन काळातली वस्ती आली आणि त्याच्याही वर मुसलमानी आणि मराठा अमलातले अवशेष होते. गोदावरीच्या पुराचे माप नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात. पहिल्या वसाहतकारांकडे ते माप नव्हते, तरी पाण्याजवळ पण पुरापासून वर अशी जागा त्यांनी अचूक निवडली होती. दर पावसाळ्यात या गढीची माती ढासळते आणि काठावरच्या घरांच्या काळजीने बातम्या येतात, ते योग्यच आहे. मात्र त्या मातीबरोबर काय वाहून जाते, याचा उल्लेख त्या बातम्यांत मला क्वचितच दिसतो.

जोर्वे गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळाले, तिचा काळ साधारण इ. स. पू. १४०० ते ७०० असा धरला जातो. तांबड्या मातीची, चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी आणि काळ्या रंगात नक्षी काढलेली भांडी, विशेषतः तोटीची भांडी, ही तिची ओळख. खुद्द जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही सापडल्या. परंतु या लोकांविषयी सर्वांत जास्त बोलतात ती त्यांची दफने, आणि ती नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा शेजारच्या जिल्ह्यांतल्या स्थळांवर विपुल मिळाली आहेत. लहान मूल गेले तर दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून, ते आडवे ठेवून, त्यांत त्याला पुरत असत, आणि हे सारे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. मोठ्या माणसाला खड्ड्यात उत्तर-दक्षिण झोपवत, परंतु घोट्यांपासून खालची पावले तोडून टाकत. मेलेल्याचे भूत होऊन त्याने घर सोडून जाऊ नये, यासाठी हे असावे असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण ज्यांना मृताची केवळ भीती असते ते त्याला गावाबाहेर नेतात. ज्याच्यावरून आपण उठतो-बसतो त्या जमिनीखाली त्याला ठेवत नाहीत.

इनामगावला एक दफन या नियमाला अपवाद आहे. चार पायांच्या मोठ्या, कच्च्या मातीच्या रांजणासारख्या पात्रात एक प्रौढ पुरुष बसलेल्या अवस्थेत सापडला आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा असे उत्खननकर्त्यांनी मानले. त्याच वस्तीत नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि कालवाही मिळाला. हे दोन शोध मी नेहमी शेजारी ठेवून वाचतो. पाणी वळवायचे तर कोणीतरी माणसे एकत्र आणावी लागतात, काम वाटून द्यावे लागते, तंटा मिटवावा लागतो. असे काम करणाऱ्याला मरणानंतरही वेगळी वागणूक मिळाली असेल तर त्यात नवल नाही. पुढे हवामान कोरडे होत गेले, असे अभ्यासक सांगतात. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेरीस या वस्त्या ओस पडल्या.

नाशिकपुरते बोलायचे तर पाण्याचा पहिला लेखी हिशेब पांडवलेण्यात, म्हणजे शहराजवळच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत, आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, मिळून ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव ठेवली, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. त्याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीचा, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा एक लेख आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने ठेवी ठेवल्या, आणि त्यांतली २,००० कार्षापणांची ठेव उदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे होती. ती यंत्रे कसली, रहाट की घटिकायंत्र म्हणजे पाण्याचे घड्याळ, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात गोवर्धन परिसरात हा धंदा करणारे लोक संघटित होते आणि कुंभार, तेली यांच्या श्रेण्यांपेक्षा त्यांच्याकडे मोठी रक्कम सोपवण्याइतकी त्यांची पत होती, एवढे त्या लेखातून उघड दिसते. लेण्यांना दान देताना पाण्याच्या टाक्याही दान दिल्याचे उल्लेख तेथे आहेतच.

पाण्यावर चालणारी दळणाची जाती मात्र आपल्याकडे फारशी झाली नाहीत. आपल्या नद्या पावसाळ्यात बेफाम असतात आणि चैत्र-वैशाखात त्यांच्या डबक्यांत म्हशीही धड बुडत नाहीत. बारमाही धार नसेल तर चक्की फिरणार कशावर? छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की चालली ती दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून. नाशिककडे दळण घरच्या जात्यावर, तेल बैलाच्या घाण्यावर आणि विहिरीचे पाणी मोटेवर, असाच प्रघात राहिला. ज्याला पाण्यावरची कारागिरी म्हणावी ती आपल्याकडे नदी अडवण्यात आणि वाटण्यात गेली, आणि तिचा उत्तम नमुना जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या बागलाणात आहे.

मोसम, आरम, गिरणा यांच्या काठी जी फडपद्धती चालत आली, ती निदान तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवायचे, एका बाजूने पाट काढायचा आणि पाटाखालची सगळी जमीन तीन किंवा चार फडांत विभागायची. एका फडात एका हंगामात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, एखादा पडीक, आणि दर वर्षी हा क्रम फिरवायचा. खुबी अशी की शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी आले आणि पंचांनी एखादा फड त्या वर्षी भिजवायचाच नाही असे ठरवले, तर तोटा सगळ्यांना सारखा बसे. पाणी देण्याचे काम मालकाचे नव्हते, ते पाटकऱ्याचे. कोणाचे शेत कोणते हे न पाहता तो एका टोकापासून भिजवत जाई, पिकाची राखण जागल्या करी आणि या लोकांना मोबदला पिकातून मिळे. पाट साफ करायच्या दिवशी प्रत्येक घरातून माणूस द्यावा लागे.

या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. ज्याची जमीन फडात नव्हती त्याला त्या समतेत वाटा नव्हता. पंचांच्या बैठकीत भूमिहीनाचे किंवा बायकांचे म्हणणे किती ऐकले गेले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. तरीही पाणी हे जमीनमालकाच्या मर्जीबाहेर ठेवण्याची ही व्यवस्था मला लेण्यांतल्या शिलालेखांइतकीच मोलाची वाटते.

मृतांकडे परत यायचे तर नाशिक शहरानेही त्यांचा पाण्याशी संबंध तोडलेला नाही. रामकुंडातील अस्थिविलय तीर्थावर देशभरातून लोक येतात. धुलिवंदनाला घराघरांतले वीर, म्हणजे पूर्वजांचे देव्हाऱ्यातले टाक, मिरवणुकीने गोदावरीवर स्नानाला जातात, त्यांत दाजीबा वीराचा मान मोठा. आणि शरणपूर ही तर पूर्णपणे बाहेरून आणून वसवलेली वस्ती: १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती गाव वसवले आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे सुतारकाम, लोहारकाम शिकवले. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट आफ्रिकेतला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनाला हजर होता. नाशिकच्या जुन्या वस्त्यांच्या यादीत शरणपूरचे नाव मी तरी आवर्जून घालतो, कारण तिथे आलेल्यांना ना पांढरी होती ना काळी, म्हणजे ना गावठाण ना शेतजमीन.

फड पाहायचा असेल तर ताहाराबाद ते नामपूर या मोसमकाठच्या पट्ट्यात रब्बीच्या दिवसांत जावे. वर धरणे झाली, शेतोशेती विहिरी आणि मोटारी आल्या, कांद्याने आणि डाळिंबाने पीकक्रम मोडला, त्यामुळे एका फडात एकच पीक असलेले शिवार आता सहज दिसणार नाही. बंधारे मात्र पुष्कळ ठिकाणी उभे आहेत आणि पाटही आहेत. तिथे गेल्यावर आधी जुन्या पाटकऱ्याचे घर विचारावे. बंधारा कोणी बांधला हे गावात कोणीही सांगते, पाणी कोणत्या क्रमाने फिरत असे हे त्या घरातलीच म्हातारी माणसे सांगू शकतात.