दोन टीबीच्या डबीत निघालं काय

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या डेटा परत काढून द्यायच्या दुकानात फोटोग्राफर लोकांची रीघ सुरू होते, कुणाचं कार्ड वाचत नाही तर कुणाची हार्डडिस्क टकटक करते. पण त्या शनिवारी कळव्याचा एक पोरगा आला तो घामाघूमच. काउंटरवर डेटा साठवायची एक काळी चकचकीत डबी ठेवली, वर २ टीबी, म्हणजे दोन हजार जीबी, लिहिलेलं. "दादा, लग्नाचा सगळा डेटा यात आहे, फाइल्स दिसतायत पण उघडत नाहीत."

लावून बघितलं. हळदीचे फोटो झक्कास उघडले. लग्न आणि रिसेप्शनच्या फोल्डरमध्ये नावं बरोबर, साइज बरोबर, आणि फोटो एक नाही. हातात घेतली तर डबी भलतीच हलकी लागली. विचारलं, केवढ्याला घेतली? म्हणे स्टेशनबाहेर, बाराशेला.

म्हटलं उघडू का. कडेला नख घातलं तर झाकण निघालंच. आत बोटाच्या पेराएवढा हिरवा बोर्ड, त्याच्यावर साधं मायक्रोएसडी कार्ड, पांढऱ्या ग्लूने थापलेलं, बाकी नुसती हवा. खरं कार्ड ६४ जीबीचं, विंडोजच्या मोजणीत ५९. बोर्डावरच्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटरने विचारलं की सांगते दोन टीबी. फाइलींची यादी सुरुवातीलाच लिहिली जाते म्हणून नावं नीट राहतात, ५९च्या पुढचा माल सरळ हवेत जातो, आणि कॉपी मात्र शंभर टक्के झाली म्हणून दाखवते, एरर नाही काही नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे, ते डबी पूर्ण भरून परत वाचून बघतं, पण सेकंदाला १० एमबीच्या स्पीडने दोन टीबी भरायला पंचावन्न तास, एवढं बसणार कोण! ह्या विकणाऱ्यांना ते बरोब्बर माहीत असतं.

मग विचारलं कॅमेऱ्याची कार्डं कुठायत. तर ती ह्याने फॉरमॅट केलेली. मी कपाळावर हात मारला. (कॉपी झाली की लगेच कार्ड पुसायची घाई ह्या लोकांना का असते मला आजवर कळलेलं नाही.) पण लग्नाचं कार्ड नंतर वापरलं नव्हतं, आणि साध्या फॉरमॅटमध्ये यादीच पुसली जाते, फोटो तसेच पडून असतात. कार्डची आधी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल काढली, तिच्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं टूल चालवलं, नावं गेली पण अक्षता, सप्तपदी, सगळं आलं. पोराने तिथेच टपरीवरून दोन कटिंग मागवले.

रिसेप्शनच्या कार्डवर मात्र त्याने दुसऱ्या दिवशी एक बारसं शूट केलं होतं. ते पहिल्या भागावर बसलेलं, त्यामुळे साडेनऊनंतरचेच फोटो मिळाले, त्याआधी पाळणा आणि घुगऱ्या.

पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, नवरीचे मामा आठलाच स्टेजवर येऊन जेवून गेले होते. आता त्यांना काय सांगू?"