मर्जीचे वळ आणि गळा

नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात मी काम करते. कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं की पहिलं काम सोबत आलेल्या माणसाला बाजूला काढणं. आमच्या मावशी यात तरबेज. "साहेब, केसपेपरवर शिक्का राहिलाय, खालून मारून आणा." खालची रांग आपली सोय बघते.

ही मुलगी खारघरहून आली होती. आयटीत नोकरी, जोडीदाराबरोबर लग्नाशिवाय राहणारी. (ओळख पटेल ते सगळं बदललंय.) तिच्याआधी मला रेसिडेंट डॉक्टरने गाठलं. "मॅडम, यात तुमचं काही काम नाही. हे लोक हौसेने एकमेकांना बांधतात, मारतात. तीच सांगतेय." केसपेपरवर 'संमतीने झालेल्या जखमा' असं लिहूनही झालं होतं. रात्रपाळीने पोरगं पेंगुळलं होतं, मान्य. पण पेशंटचं अर्धंच वाक्य ऐकायची खोड यांना कोण लावतं?

पूर्ण वाक्य असं होतं : "मनगटावरचे, मांडीवरचे वळ माझ्या मर्जीने. गळा नाही."

गळ्यावर तर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. गळा दाबल्यावर पुष्कळदा वळ उठतच नाही, उठला तरी दुसऱ्या दिवशी. म्हणून आम्ही विचारतो : आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, नकळत लघवी झाली का. डॉक्टरांना पापणी ओढून लाल ठिपके बघायला लावतो. हिचा आवाज घोगरा होता, ठिपकेही होते. अशा पेशंटला गोळी देऊन घरी पाठवायचं नसतं. सूज मागाहून चढू शकते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असू शकते.

आमच्या फॉर्मवरच्या शरीराच्या आकृतीत वळाची जागा, रंग, लांबी सगळं भरता येतं. 'थांब' म्हटल्यावर काय झालं, याला रकाना नाही. मी समासात लिहिलं. किंकवाल्यांमध्ये, म्हणजे मर्जीने असं बांधणं-मारणं करणाऱ्यांमध्ये, काय चालेल, काय नाही हे आधी ठरतं, आणि एक सेफवर्डही. तो उच्चारला की हात थांबलाच पाहिजे. तिने उच्चारला होता. शिवाय पगाराचं कार्ड त्याच्याकडे, मैत्रिणींचे फोन बंद, आणि "सोडून गेलीस तर फोटो तुझ्या आईला पाठवीन." यात किंक कुठे आलं? हे मी ऐरोली-घणसोलीच्या मंगळसूत्रवाल्या बायकांकडून कायम ऐकते.

रेसिडेंटला भारतीय न्याय संहितेचं कलम 25 दाखवलं. संमती चालते, पण जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशा कृत्याला नाही. कायद्यातलं उदाहरण मजेखातर तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं आहे. कलम 28 प्रमाणे भीतीपोटी दिलेली संमती संमतीच नाही. त्याने एका रेघेने ओळ खोडली, सही केली आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस अशी नोंद झाली.

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या लिव्ह-इनलाही लागू होतो. तरी संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला ती तयार होईना. पोलिसांपेक्षा तिला त्यांच्या किंकवाल्यांच्या ग्रुपची धास्ती. तिथल्या एका जुन्या बाईंना तिने सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "आपसात मिटवा, बाहेर गेलं तर सगळ्यांची नावं बाहेर येतील." भावकी याहून वेगळं काय सांगते? संमतीवर तासन् तास बोलणारी माणसं ही! त्यांची भीती खोटी नाही. नोकरी जाते, घरमालक खोली खाली करायला लावतो. पण तोवर तो पुढच्या मुलीशेजारी जाऊन बसणार, त्याचं काय?

वॉर्डातून सुटल्यावर ती डोंबिवलीला मैत्रिणीकडे गेली. फोनचं लोकेशन शेअरिंग तिथे पोचायच्या आधी बंद करायचं, पण निघायच्या आधी नाही, हे आम्ही पढवून ठेवतो. आधी केलं तर समोरच्याला सुगावा लागतो.

परवा तिच्यामार्फत त्या जुन्या बाईंचा निरोप आला : आमच्या लोकांशी हिंसेबद्दल बोलायला याल का? येते म्हटलं, फक्त तो खोलीत नको. "ग्रुपमध्ये विचारून कळवतो," म्हणाल्या.