तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, बॉडी बनवायला माझं जेनेटिक्स बरं आहे का?"

मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, आणि तुमचा एक फोटो बघून ज्याने तुम्हाला 'एक्टोमॉर्फ', म्हणजे जन्माचा हडकुळा, ठरवून टाकलं, त्यालाही नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ट्रेनर म्हणवतो आणि एवढंही सांगता येत नाही? नाही येत. जिममध्ये नाव घालून महिना झालेला नसतो, वजन काट्यावर बघितलेलं नसतं, आणि प्रश्न थेट गुणसूत्रांचा.

ते एक्टोमॉर्फ आधी मिटवू. हडकुळा, पीळदार आणि गुबगुबीत हे तीन साचे विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास मांडले. शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. वजन उचलल्यावर कोणाचा दंड किती वाढेल, हा त्याचा विषयच नव्हता. आज त्याच नावाने डाएट चार्ट विकले जातात.

मग जन्मतः काय ठरतं? ठेवण ठरते, आणि ती आरशात दिसते. कोपर काटकोनात वाकवून दंड आवळा. कोपराची घडी आणि बायसेपचं मांस यांच्या मध्ये किती बोटं मावतात ते बघा. एकच मावलं, तर स्नायू लांब आहे, दंड भरला की गच्च दिसेल. तीन मावली, तर स्नायू आखूड आणि टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, लांब. 'लोअर बायसेप'साठी प्रीचर कर्ल कितीही मारले तरी ती फट बुजत नाही. पोटऱ्यांचंही तेच. पोटावरच्या पॅकची तर सगळ्यात जास्त विचारणा होते: आडव्या पट्ट्या किती, समोरासमोर की वरखाली, हे आईच्या पोटातच ठरलं. कोणाचे चार दिसतात, कोणाचे आठ. क्रंचेसने संख्या बदलत नाही. चरबी उतरली की जे आहेत ते दिसतात, बस.

उंचीचं रडगाणं मात्र मी ऐकून घेत नाही. बॉडीबिल्डर मनोहर आइच (Aich) ४ फूट ११ इंच होते आणि १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत कमी उंचीच्या गटात पहिले आले. आपल्याकडच्या 'श्री'च्या शरीरसौष्ठव स्पर्धांत ५५ किलोचा गट असतो. त्यातला गडी शर्ट घालून लोकलमध्ये उभा राहिला तर कोणी वळून बघणार नाही. स्टेजवर तेल लावून डबल बायसेपची पोझ घेतली की मग कळतं.

ठेवण झाली. आता वाढीचा वेग, आणि इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. २००५ साली एका मोठ्या प्रयोगाचे आकडे आले. ५८५ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे फक्त एका हाताचा, कमजोर हाताचा व्यायाम केला. सगळ्यांना एकच कार्यक्रम. बायसेपच्या आकारातली वाढ काहींची ५९ टक्क्यांपर्यंत गेली, तर काहींचा आकार २ टक्क्यांनी घटला. ताकदीतही कोणी शून्यावर, कोणी अडीचशे टक्के वर. 'मेहनत केली की होतंच' असं भिंतीवर रंगवणाऱ्यांनी हे आकडे खाली लिहावेत.

आपल्या लोकांची आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा असू शकतो, हे सांगायला तो एक फोटो पुरला. त्यामुळे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशा पोराला मी 'आधी बल्किंग, काहीही खा' सांगत नाही. त्याने वजन आहे तिथेच ठेवून प्रोटीन वाढवावं आणि जड स्क्वॉट मारावेत. पहिल्या वर्षात चरबी उतरणं आणि मांस चढणं एकदम होऊ शकतं. पुढे ते जमणं अवघड होत जातं.

एवढं सगळं खरं असूनही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न जेनेटिक्सचा नसतो, वरणाचा असतो.

'सर, मी रोज दोन वाट्या वरण खातो, डाळीत प्रोटीन असतं.' असतं की. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम. पण घरी कुकर लागतो तेव्हा पाच माणसांत मिळून दीडशे ग्रॅम डाळ पडते. म्हणजे सगळ्या पातेल्यात ३३ ग्रॅम आणि तुमच्या वाट्याला साडेसहा. दोन वेळचं वरण धरून १३. पोह्यांचे ४, सहा पोळ्यांचे २०, भाताचे ६, कपभर दुधाचे साडेसहा, आणि पिवळं फेकून खाल्लेल्या दोन अंड्यांचे ७. बेरीज ५६ ग्रॅम. वजन ६० किलो असेल तर किलोमागे १.६ ग्रॅम या हिशेबाने ९६ लागतात. रोज ४० ग्रॅमचा खड्डा, आणि दोष आजोबांच्या हाडांना.

खड्डा भरायला प्रोटीन पावडरचा डबा घ्यायलाच हवा असं नाही. ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत २६ ग्रॅम मिळतात. दोन पांढऱ्यांऐवजी तीन अख्खी अंडी खा, आणखी १२. पिवळं फेकू नका, अंड्याचं चाळीस टक्क्यांहून जास्त प्रोटीन त्यातच असतं. वजन वाढवायचं असेल तर मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे: २८० कॅलरी, शिवाय १२ ग्रॅम प्रोटीन. दिवसाला एवढ्याच जास्त कॅलरी पुरतात. महिन्याला एक किलोच्या आसपास वजन चढलं तर ठीक, तीन किलो चढलं तर ती ढेरी आहे.

खरी गळती वारांची. सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं नाही, चतुर्थी आणि एकादशी वेगळी, श्रावण तर महिनाभर. माझा उपवासाला विरोध नाही. पण साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य असतं. त्या दिवशी ताक, दही, पनीर, दाण्याची आमटी वाढवा, खिचडीची दुसरी प्लेट नको. चार्ट सातही वारांचा करा. फक्त मंगळवारचा करून काय उपयोग?

व्यायामाचं थोडक्यात, कारण ते तुम्ही रोज बघताच. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सगळं शरीर: स्क्वॉट, बेंच प्रेस किंवा डबल बारवर डिप्स, रोइंग, रोमानियन डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस. प्रत्येकी तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ रेप्स म्हणजे उचल, शेवटी एकदोन रेप्स शिल्लक राहतील इतकं वजन. तिन्ही सेटला बारा निघाले की वजन वाढवा. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते, त्यामुळे बारवर एकदम पाच किलो वाढतात, शोल्डर प्रेस तिथेच अडकतो आणि पोरं म्हणतात शरीर थांबलं. सव्वा किलोच्या दोन प्लेट्स बॅगेत ठेवा. वही ठेवा. दंड सकाळी मोजा, व्यायामाने फुगलेला (पंप) नसताना.

हे सगळं न करता जेनेटिक्सला शिव्या घालणाऱ्यांवर माझा राग आहे आणि राहील. आता ज्याने हे सगळं केलं त्याचं सांगतो.

दोन मावसभाऊ एकाच दिवशी आले. धाकटा दिवसाआड दांडी मारायचा, सुटल्यावर वडापाव खायचा, वही त्याला माहीत नव्हती. थोरला किचनचा काटा घेऊन आला. ग्रॅमवर खाणं, सात तास झोप, प्रत्येक सेटची नोंद. वही मी पुन्हा पुन्हा तपासली, कारण चूक सापडावी अशी माझीच इच्छा होती. सापडली नाही. सेट वाढवून बघितले, कमी करून बघितले, कॅलरी वाढवल्या तर पोट आलं. क्रिएटिनची पावडर रोज पाच ग्रॅम, त्याने पहिल्या महिन्यात किलोभर पाणी धरलं आणि विषय संपला. वर्षाने धाकट्याचा दंड दीड इंचाने वाढला होता, थोरल्याचा जेमतेम अर्धा. गंमत म्हणजे ताकद थोरल्याची जास्त होती: स्क्वॉट ३५ किलोवरून ९५वर. मी म्हटलं, "अरे, पॉवरलिफ्टिंगला ये, तुझ्या वजनी गटात नाव निघेल."

तो म्हणाला, "सर, ते शर्टात दिसत नाही ना."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. जिमच्या बाहेर त्याला एकाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, वर डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या. तीन महिन्यांत दंड भरला. तो मला दाखवायला आला, आणि मला 'हे खोटं आहे' म्हणता येईना, कारण टेप खरं सांगत होती. औषधं चालत नाहीत असं सांगणारे तुम्हाला फसवतात. १९९६च्या एका प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन दहा आठवडे व्यायाम न करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ३.२ किलोने वाढलं. औषधाविना घाम गाळणाऱ्यांचं दोनच्या आसपास. दोन्ही केलेल्यांचं ६.१. व्यायाम शिकवणाऱ्याने हे वाचून काय करायचं, सांगा.

हिशेब नंतर येतो. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. त्याने इंजेक्शनं थांबवली तेव्हा आतलं उत्पादन महिनोन्महिने उठलं नाही. थकवा, चिडचिड, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला, निपलखाली दुखणारी गाठ. दंड बराचसा परत गेला. ती गाठ जुनी झाली की गोळ्यांनी जात नाही, चाकूच लागतो, आणि त्याला तो लागला.

पूर्वी अशा पोरांना मी ठणकावून सांगायचो, 'जेनेटिक्स हे आळशी माणसाचं निमित्त आहे.' शंभरातल्या नव्वदांना ते वाक्य आजही लागू पडेल, म्हणून ते मागे घ्यायला जीव होत नाही. पण थोरल्याने ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं. आपण आळशी नाही हे त्याला माहीत होतं. मग त्याने काय निष्कर्ष काढायचा? पहिल्याच दिवशी 'कदाचित तुझं कमी वाढेल' म्हटलं असतं तर तो वाचला असता, की दुसऱ्या आठवड्यात सोडून गेला असता? आणि तेच वाक्य ऐकून धाकट्यासारखे किती जण दीड इंच न मिळवता घरी बसले असते?

धाकटा आता वही लिहितो. थोरला जिमला येत नाही. घरच्या गच्चीवर जोर मारतो, असं भावाकडून कळतं.