कोन सेट नुसता आवळून का चालत नाही

मोटरसायकल हळू चालवताना हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं, सरळ जायलाही सतत बारीक सांभाळावं लागतं, ब्रेक दाबला की पुढून 'टक्' येतं. आधी टायरची हवा तपासा, मागच्या स्विंगआर्मचे बुश हलवून बघा. ते ठीक असेल तर दोष बहुधा कोन सेटचा, म्हणजे हँडलचा दांडा (स्टेम) चेसीत ज्यावर फिरतो त्या वरच्या-खालच्या वाट्या आणि त्यांतल्या छर्‍यांचा.

गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा. मधोमध ते स्वतःहून खाचेत बसत असेल तर वाट्यांना खड्डे पडलेत. मग पुढच्या शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. ठोका जाणवला तर सेट ढिला आहे.

गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी बसतात आणि खड्ड्यांचे दणके तिथेच खातात. खालची वाटी आधी जाते. तिच्यावरून नख फिरवलं तरी ओळीने बारीक खळगे लागतात. असा सेट आवळला की ठोका जातो, पण छर्रे खळग्यात आणखी घट्ट रुततात आणि गाडी जास्तच डुलते. म्हणून 'जरा आवळून द्या' हे फक्त खळगे नसलेल्या सेटला लागू. जुन्या वाट्यांत नवे छर्रे टाकणं तर पैसे वाया घालवणंच. पूर्ण किट बदला.

खोलताना खाली फडकं पसरा, छर्रे टपाटप पडतात. वर किती, खाली किती ते मोजून लिहून ठेवा. मॉडेलनुसार आकडा बदलतो. चेसीतल्या वाट्या आतून पंच लावून, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंवर ठोकून काढा. स्टेमवरचा खालचा कोन छन्नीने कडेकडेने उचकटावा लागतो; सगळ्यात चिवट तोच. नव्या वाट्या हातोड्याने बसवू नका. लांब बोल्ट आणि दोन जाड वॉशर घेऊन ओढून बसवा, तिरक्या जात नाहीत. वाटी तळाला टेकली नाही तर ती चालवताना सरकते आणि सेट पुन्हा ढिला होतो.

वाटीत लिथियम ग्रीसचा जाड थर द्या, छर्रे त्यात चिकटून राहतात. एका छर्‍याएवढी फट राहिली तर ती राहू द्या. जबरदस्तीने आणखी एक कोंबलात तर छर्रे एकमेकांवर घासतात.

खरं कौशल्य आवळण्यात आहे. आधी सेट आवळणारा नट जरा घट्ट करा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, मग नट सुमारे १/८ फेरा सैल करा. ठोका नको आणि अडकणंही नको. मध्यापासून हलका धक्का दिला की चाक आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल ताणल्या असतील तर ही परीक्षा फसते, आधी त्या मोकळ्या करा. वरचा मोठा नट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण तो दाबला की सेट थोडा आणखी घट्ट होतो. बहुतेक चुका इथेच होतात.

टेपर रोलरचा (छर्‍यांऐवजी निमुळत्या रोलरचा) सेट घालत असाल तर तो बसायला जास्त ताण लागतो, तेव्हा किटसोबतच्या सूचनेप्रमाणेच आवळा. सेट कोणताही असो, ३०० ते ५०० किमीनंतर ठोका पुन्हा बघा. नव्या वाट्या थोड्या बसतात. आणि धुताना प्रेशरचं पाणी थेट हँडलखालच्या फटीत मारू नका, ग्रीस धुऊन जातं.