फूझी न्हाव्याचा हिशोब

(माजी विद्यार्थी, दहावी 'ब', मार्च १९९६)

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मलाही आधी घंटा, प्रार्थना आणि मधल्या सुट्टीतला वडापावच आठवला. पण त्यावर बाकीच्या बॅचेसनी लिहिलं असणारच. मी लिहितोय ते आमच्या वर्गात अर्धवट राहिलेल्या एका पुस्तकाबद्दल.

आठवीत संस्कृत की जर्मन असा प्रश्न आला, तेव्हा आम्ही बरेचजण जर्मनकडे वळलो. पाठांतर कमी असतं अशी अफवा होती. ती खोटी निघाली. डेर-डी-दास ही लिंगदर्शक उपपदं घोकण्यापेक्षा रामः रामौ रामाः परवडलं असतं. सोपे होते ते फक्त आकडे. जर्मन माणूस चोवीस म्हणताना आधी चार म्हणतो आणि मग वीस, अगदी आपल्यासारखं. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि गदारोळ झाला, तेव्हा मला आमच्या जर्मनच्या बाईच आठवल्या.)

दहावीच्या वर्षी शनिवारचा शेवटचा तास जर्मनचा असायचा. बाई मॅक्सम्युलर भवनाच्या, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या, वाचनालयाचा शिक्का असलेलं 'मोमो' हे पुस्तक घेऊन यायच्या. दोन ओळी जर्मन, मग त्याचं मराठी, मध्येच फळ्यावर एखादा शब्द. मिखाएल एंडेचं १९७३चं पुस्तक, चित्रंही त्यानेच काढलेली. शहराच्या कडेला पडक्या अँफीथिएटरमध्ये मोमो नावाची एक पोरगी राहते, अंगात कुणा मोठ्या माणसाचा ढगळ कोट. तिला एकच गोष्ट येते, ऐकणं. भांडणारे तिच्यासमोर येऊन बसतात आणि बोलता बोलता स्वतःच शहाणे होतात. मग शहरात करड्या कपड्यांचे, करड्या चेहऱ्यांचे, सतत सिगार ओढणारे लोक शिरतात. ते वेळेच्या बचत बँकेचे एजंट, लोकांना वेळ वाचवायला लावणारे. 'ग्राउ' म्हणजे करडा आणि 'ग्राउएन' म्हणजे अंगावर येणारा शहारा, हे बाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं. आम्ही त्यांना करडे साहेब म्हणू लागलो. पुढे तपासणीला सफारी घालून आलेल्या साहेबांनाही तेच नाव पडलं.

त्यातला एक करडा साहेब फूझी न्हाव्याच्या दुकानात शिरतो आणि आरशावर हिशोब मांडतो. फूझी ४२ वर्षांचा, म्हणजे १ अब्ज ३२ कोटी ४५ लाख १२ हजार सेकंद. त्यातून एकेक खर्च वजा. झोप आठ तास, काम आठ तास, जेवणखाण दोन तास. कानाने जवळजवळ बहिऱ्या म्हाताऱ्या आईशी रोज तासभर गप्पा. पाळलेल्या पोपटाला पाव तास. चाकांच्या खुर्चीतल्या डारियाला फूल नेऊन द्यायला अर्धा तास. संध्याकाळी खिडकीत नुसतं बसायला पाव तास. मित्र, गाणं, बाजारहाट वगैरे मिळून चार तास. सगळं वजा करून बाकी शून्य.

बाईंनी हा हिशोब आम्हाला जर्मनमधून करायला लावला. फळ्यावर मी होतो. गणितात पैकीच्या पैकी घेणारा मुलगा, त्यामुळे छाती फुगवून पूर्ण बेरीज केली. बेरीज तंतोतंत जुळते, हवं तर करून बघा. मी खडू ठेवला, एवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा न्हावी जन्मल्यापासून दाढ्या करत होता का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "परत म्हण," म्हणाल्या.

खरंच की. आठ तास काम गुणिले ४२ वर्षं, म्हणजे पाळण्यातही हा वस्तरा परजत होता! डारियाला फूलही तेव्हापासूनच नेत असणार. आजचा एक दिवस घ्यायचा, अख्ख्या आयुष्याने गुणायचा आणि माणसाला घाबरवायचं, एवढीच त्या साहेबाची करामत. शिवाय काम केलेला वेळही खर्चातच. बेरीज बरोबर आणि हिशोब खोटा, हे ज्याला दिसलं तो चाचणीत गणितात नापास होता. मला दिसलं नव्हतं.

पुढे प्रॉडक्शन इंजिनीअर झालो आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात टाइम स्टडीला लागलो. म्हणजे हातात स्टॉपवॉच, पॅडवर तक्ता, आणि समोर असेंब्ली लाइन. आमच्या शास्त्रात एका तासाचे एक लाख तुकडे करतात, त्या तुकड्याला टीएमयू म्हणतात. हात पुढे करायला किती, उचलायला किती, सगळं त्यात. थोडक्यात, मी त्याच करड्या जमातीत दाखल झालो, सिगार तेवढी नाही. एकदा एका ताईंच्या तक्त्यात मी लिहिलं, 'खिडकीकडे पाहणे, ४ सेकंद'. शेऱ्याच्या रकान्यात 'अनावश्यक' लिहिता लिहिता फूझीची खिडकी आठवली. पर्सनल ॲलाउन्स, म्हणजे वैयक्तिक गरजांची सूट, म्हणून पाच टक्के द्यायचेच असतात, त्यात ते चार सेकंद बसवून टाकले. फार मोठं पुण्य नव्हे. तक्ता तसाच पुढे गेला.

पुस्तकाकडे येतो. एक कासव मोमोला काळाच्या रखवालदाराकडे घेऊन जातं. त्याचं नाव मास्टर होरा. हे नाव ऐकून वर्ग फुटलाच, कारण एकाचे आजोबा पत्रिका बघायचे आणि 'माझा होरा चुकत नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाईंनी सांगितलं, हसू नका, लॅटिनमधला होरा आणि तुझ्या आजोबांचा होरा दोघंही ग्रीकांकडूनच आलेत. त्या ऑगस्टच्या अखेरीला एंडे वारला. बाईंना ते बऱ्याच उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांनी नवीन पान वाचलं नाही, मागचंच पुन्हा वाचलं.

होराच्या घरी मोमोला झोप लागते आणि ती वर्ष आणि एका दिवसाने जागी होते. इथे आमची प्रिलिम आली. एका पालकांनी पोर्शनबद्दल विचारणा केली होती म्हणे. पुढचे शनिवार सराव प्रश्नपत्रिकांत गेले. आमच्यापुरती मोमो एकटीच जागी होऊन बसली, मित्र सगळे पांगलेले.

शेवट मी वाचला तो पंधराएक वर्षांनी. कामासाठी श्टुटगार्टला गेलो होतो, तिथल्या दुकानात दिसलं. ज्या गावात ते प्रसिद्ध झालं तिथेच घेतलं, याचा उगाच आनंद झाला. शब्दकोश घेऊन हॉटेलवर चार रात्री बसलो.

या लेखासाठी परवा बाईंना फोन केला. आवाज तोच.

"बाई, ते पुस्तक परत केलंत का?"

"केलं रे, उशिराचा दंड भरून. दोनदा मुदत वाढवून घेतली होती."

"मग शेवट आम्हाला निदान तोंडी तरी सांगायचा होता."

"मला कुठे माहीत होता? घरी वाचायला सवड कुठली. दर शनिवारी तुमच्याबरोबरच वाचत होते मी."

मी म्हटलं, माझी प्रत घेऊन येतो, राहिलेलं वाचू. या शनिवारी सकाळी चालेल?

"सकाळी नको," बाई म्हणाल्या, "सकाळी मला अजिबात वेळ नसतो."