पथकातला पुढचा माणूस

आमच्या तालुक्यातील काही शाळांचे शिक्षक गेल्या दोन-तीन वर्षांत मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत. महामारीत बंद पडलेले स्काउट पथक पुन्हा उभे कसे करावे, हा तो प्रश्न. कपाटात ध्वज आहे, स्कार्फ आहेत, दोरखंड आहेत, शाळेचा विरोध नाही, मुलांना उत्साहही आहे, आणि तरीही पथक उभे राहत नाही, असे ते सांगतात. पंचगंगेच्या काठच्या एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे स्काउट मास्तर म्हणून काम करतो आहे. आमचे पथक या काळात बंद पडले नाही, परंतु एका टप्प्यावर ते बंद पडण्याच्या अगदी जवळ आले होते. त्या अनुभवातून जे उमगले ते येथे सविस्तर मांडतो.

प्रथम पथक चालते कसे हे पाहणे आवश्यक आहे. स्काउटचे वय नियमाने दहा ते सतरा असले, तरी शाळेतील पथकात मुलगा पाचवी-सहावीत येतो आणि दहावीच्या वर्षी अभ्यासाच्या धास्तीने सभेला येणे थांबवतो. प्रत्यक्षात हाती पडतात ती चार-पाच वर्षे. या अवधीत तो प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढतो, आणि आठवी-नववीत पोहोचेपर्यंत संघनायक होतो. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याला गाठी, प्रथमोपचार, तंबू उभारणे, चूल मांडणे, खुणांवरून माग काढणे हे सगळे शिकवण्याचे काम त्या संघनायकाचे असते. शिक्षकाने शिकवायचे ते मुख्यतः संघनायकांना. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हाही मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकावर त्यांच्यातलाच एक नायक नेमला होता. स्काउटिंगमध्ये विद्या मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जाते, आणि ती तशीच जावी अशी सारी रचना आहे.

या रचनेत बळ आहे, आणि तिचा कच्चा दुवाही तिच्यातच आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग अनेक जिल्ह्यांत सुरू झाले, तोच दुसरी लाट आली आणि दारे पुन्हा बंद झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा परत उघडल्या, पण जानेवारी २०२२ मध्ये त्यांना पुन्हा काही काळ कुलूप लागले. एवढ्या अवधीत २०२० मध्ये आठवीत असलेला, संघनायक होण्याच्या बेतात असलेला मुलगा दहावीची परीक्षा देऊन निघून गेला. पाचवीत नुकताच स्कार्फ घातलेला मुलगा सातवीत आला, परंतु त्याने एकही रात्र तंबूत काढलेली नव्हती. मधली दोन वर्षे गेली म्हणजे नेमके काय गेले, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच असते की शिकवणारी मुले गेली. सोपानांच्या परीक्षांमध्ये ठरावीक महिन्यांचे अंतर ठेवावे लागत असल्यामुळे ही तूट घाईने भरूनही काढता येत नाही. अनेक पथके पुन्हा उभी राहिली नाहीत, त्याचे मुख्य कारण मला हेच दिसते. निधी, गणवेश, मैदान यांच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या नंतर येतात.

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत आम्हीही मोबाइलवर सभा घेऊन पाहिल्या. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन होता आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जात असे. संध्याकाळी तो घरी आला की त्यावर शाळेचा अभ्यास करणारी भावंडे रांगेत असत. शिवाय पडद्यावर रीफ नॉटसारखी गाठ दाखवता येते, ती बांधणाऱ्याचा हात मात्र धरता येत नाही. तेव्हा संघनायकांशी बोलून आम्ही संघांची रचना बदलली. पूर्वी संघ वर्गांवरून पडत असत, ते गल्लीवार आणि वस्तीवार पाडले. एकाच वाड्यात किंवा शेजारच्या दोन घरांत राहणारी मुले तशीही एकमेकांना भेटत होती. निर्बंध शिथिल झाले तेव्हा अंगणात, अंतर राखून, दोन-तीन मुलांनी एकत्र बसावे आणि त्यांतल्या मोठ्याने धाकट्यांना एक गोष्ट शिकवावी, एवढेच ठरवले. मी आठवड्यातून एकदा प्रत्येक संघनायकाशी साध्या फोनवर बोलत असे. त्याने मला तीन गोष्टी सांगायच्या: कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, आणि या आठवड्यात काय शिकवले. त्याची वही तो ठेवी. त्या वह्या मी आजही जपून ठेवल्या आहेत, कारण शाळा बंद असताना पथक चालू होते याचा दुसरा कोणताही पुरावा नाही.

या व्यवस्थेवर माझा विश्वास बसण्याला आमच्याच जिल्ह्याचा एक इतिहास कारणीभूत आहे, आणि तो स्काउट शिक्षकांनी तरी जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले आणि १० फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार करण्याच्या लाटा सुरू झाल्या. पुढे जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, जुलै १९४१ मध्ये पोलिश व सोव्हिएत सरकारांत करार होऊन हद्दपार झालेल्यांची सुटका सुरू झाली, आणि जनरल आन्दर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर हजारो स्त्रिया आणि मुले १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. त्यांतली काही कराचीमार्गे आपल्याकडे आली. वसाहतीत प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले होती. कर्ते पुरुष सैन्यात होते, किंवा वाटेतच दगावले होते.

या मुलांची स्काउट पथके इराणमधील छावण्यांतच उभी राहिली होती आणि वळीवड्यात ती चांगली फोफावली. मुलींची पथके होती, मुलांची होती. वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, आणि त्यांच्या जोडीला स्काउटिंग हा मुलांच्या आयुष्याचा एक मोठा भाग होता. तेथील स्काउटांचे नेतृत्व करणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे होते. ते पोलिश सैन्यातील तरुण अधिकारी, कोझेल्स्कच्या सोव्हिएत बंदिछावणीतील कैदी. त्या छावणीतील त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना सोव्हिएतांनी १९४० च्या वसंतात कातिनच्या जंगलात ठार मारले. जे थोडे वाचले त्यांत पेश्कोव्स्की होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनमधील मृतांच्या कुटुंबीयांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. असा माणूस आपल्या पंचगंगेच्या काठी पोरक्या मुलांना स्काउटिंग शिकवत होता, हे वाचले तेव्हा मला आपले काम फार मोठे वाटले.

या इतिहासातील एक बाब माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वळीवड्याची लोकसंख्या स्थिर नव्हती. काही मोठी मुले मध्यपूर्वेतील लष्करी शाळांकडे गेली. जामनगरजवळच्या बालाचडी येथे तेथील राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आश्रय दिलेली मुले, ती छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर, वळीवड्याला आली. १९४७-४८ मध्ये कुटुंबे इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी चहूकडे विखुरली. जी वसाहत पाच वर्षांत वसली आणि उठली, तिच्यात पथक चालवायचे तर आज जो संघनायक आहे तो पुढच्या वर्षी असेलच असे धरून चालणे शक्यच नव्हते. तरीही परदेशस्थ पोलिश स्काउटिंग टिकले, युद्धानंतर लंडन हे त्याचे केंद्र झाले आणि ते आजही चालू आहे. खुद्द पोलंडमध्ये मात्र जुनी स्काउट संघटना १९५० च्या सुमारास कम्युनिस्ट राजवटीने मोडीत काढली आणि १९५६ च्या अखेरीस ती पुन्हा उभी राहिली. वळीवड्याच्या बराकींत पुढे सिंधी निर्वासित आले. आज आपण लग्नाचे कापड घ्यायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच.

त्याच काळात जर्मनांच्या ताब्यातील वॉर्सामध्ये पोलिश स्काउट भूमिगत झाले होते. २७ सप्टेंबर १९३९ रोजी, शहर शरण जाण्याच्या आदल्या दिवशी, त्यांची ‘शारे शेरेगी’ ही गुप्त संघटना स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख फ्लोरियान मार्चिन्याक यांना ६ मे १९४३ रोजी गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, पकडले आणि ते पुन्हा परतले नाहीत. त्यांच्या जागी स्तानिस्वाव ब्रोनिएव्स्की आले. १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावानंतर ते युद्धकैदी झाले, तेव्हा लेऑन मार्शावेक यांनी सूत्रे घेतली. प्रमुख पकडला गेला तरी काम थांबले नाही, कारण जबाबदारी घेऊ शकणारी माणसे आधीच घडलेली होती. आज, उद्या आणि परवा अशी त्यांनी कामाची मांडणी केली होती: आज गुप्त कार्य, उद्या उघड लढा, आणि परवा स्वतंत्र देशाची उभारणी. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्यांनी हाती शस्त्र न देता या परवाच्या कामासाठी शिकवले. उठावात हीच मुले टपाल पोहोचवत होती, आणि तेही काम जिवावरचे होते.

कोणत्या वयाच्या मुलाला कोणते काम द्यावे, हा विचार आमच्यासमोर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात अगदी ठळकपणे उभा राहिला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी तिच्याही कितीतरी वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. अशा वेळी गावातील मंडळी स्काउटांकडे अपेक्षेने पाहतात आणि मुलांनाही पाण्यात उतरण्याची उमेद असते. बचावकार्याला एकाही शालेय मुलाला पाठवायचे नाही, असे आम्ही संघनायकांच्या सभेत ठरवले. हा निर्णय मुलांनीच घेतला आणि पाळला, याचा मला विशेष आनंद आहे. निवारा केंद्रात आलेल्या कुटुंबांच्या याद्या करणे, वृद्धांच्या औषधांची चौकशी करणे, पाणी उकळून भरून ठेवणे, आलेले कपडे मापाप्रमाणे लावणे, लहान मुलांना खेळवणे ही कामे त्यांनी केली. पाणी ओसरल्यावर वर्गांतील गाळ काढला. जुलै २०२१ मध्ये महामारी चालू असतानाच पुन्हा पूर आला, आणि तेव्हा गल्लीवार पाडलेले संघ फारच उपयोगी पडले, कारण कोणाच्या घरात कोण आहे हे प्रत्येक संघनायकाच्या वहीत लिहिलेले होते.

पैशाविषयी थोडेच लिहितो. आमच्या भागात गणवेशाचा खर्च पालकांना जड जातो. दहावीला निघालेल्या मुलाचा गणवेश पथकाला द्यायचा, ही आमची जुनी रीत आहे आणि तिने पुष्कळ काम भागते. खरी कमाईच्या उपक्रमातून नोंदणी शुल्क आणि शिबिराचा काही खर्च निघतो. मुलांनी स्वतः कमावलेल्या पैशातून पथक चालावे, हे मला देणगीपेक्षा केव्हाही अधिक पसंत आहे.

शिक्षकाच्या जागेचा प्रश्न मात्र मला पैशापेक्षा मोठा वाटतो. बहुतेक शाळांत पथक एकाच शिक्षकाच्या खांद्यावर असते. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला किंवा त्याच्याकडे दुसरे काम आले की पथक संपते. स्काउट शिक्षकाचा बेसिक कोर्स केलेला दुसरा शिक्षक शाळेत असावा, यासाठी मी मुख्याध्यापकांकडे सतत आग्रह धरला. आज आमच्याकडे दोन तरुण सहकारी तो कोर्स करून आले आहेत, त्यांतल्या एक बाई मुलींचे गाइड पथक सांभाळतात. साप्ताहिक सभा आता बहुधा तेच घेतात. शिबिराचे नियोजनही यंदा त्यांच्याकडे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पथक नव्याने उभे करायचे असेल तर पहिल्याच महिन्यात बत्तीस मुले गोळा करून गणवेश शिवायला टाकू नयेत. सहावी-सातवीतील सहा-आठ मुले निवडावीत आणि पहिले वर्षभर शिक्षकाने स्वतःच त्यांचा संघनायक व्हावे. त्यांच्याबरोबर चूल मांडावी, तंबू ठोकावा, एक रात्र शाळेच्या आवारात आणि एक रात्र बाहेर काढावी. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा शिकवावी, एकदा करण्यासाठी आणि एकदा दुसऱ्याला शिकवण्यासाठी. जवळच्या शाळेत चालू पथक असेल तर तेथील नववीतला एखादा संघनायक महिन्यातून एक शनिवार मागून घ्यावा. आमची मुले अशी जात असतात आणि परत येतात तेव्हा अधिक चांगले शिकवतात. दुसऱ्या वर्षी त्या सहा-आठ मुलांच्या हाती पाचवी-सहावीतील नवी मुले सोपवावीत आणि मग पूर्ण पथकाची नोंदणी करावी. या पद्धतीने तालुक्यातील दोन पथके पुन्हा चालू झाली आहेत. तिसऱ्या शाळेची मुले येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शिबिरात येणार आहेत.